मनालीचे शिबिर आणि विरळ हवा

प्रश्न : आठवीतल्या मुलीच्या शाळेचे गिर्यारोहण शिबिर मनालीला आहे. तिला उंचीचा त्रास होईल का? – एक पालक, इंदूर

उत्तर : इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, तर मनाली सुमारे २००० मीटर उंचीवर आहे, विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या पुढे जाणवू लागत असल्याने मुक्कामाची फारशी काळजी नसावी, मात्र ३९७८ मीटरवरील रोहतांग खिंडीत मुलांना पोहोचल्याबरोबर नेणार आहेत काय, हे शाळेला अवश्य विचारावे. डोकेदुखी, मळमळ सुरू झाल्यास मुलीने ती न लपवता शिक्षकांना सांगावे, आणखी वर चढू नये आणि त्रास वाढल्यास तिला तातडीने खाली आणावे. बूट कोरे देऊ नयेत (हा हौसेचा भाग बहुधा पालकांचाच असतो). पायात रुळलेलेच द्यावेत.