अठरा लाख, अमेरिकेतला ट्रक आणि "व्हिसा कुठला?"

गेल्या वर्ष-दीड वर्षात माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून आलाय. "मॅडम, पोरगं अमेरिकेत ट्रक चालवायला जायचं म्हणतंय, एजंट पैसे मागतोय, पाठवू का नको?" आधी दुबई असायचं, मग कॅनडा आलं, आता अमेरिका. मी काही व्हिसावाली बाई नाही, माझं काम म्हणजे घरातली धुसफूस, उडालेली झोप, बापलेकाचा अबोला. पण ह्या प्रश्नात अबोला आणि व्हिसा इतके एकमेकांत अडकलेले असतात की मला झक मारत व्हिसाचंही वाचावं लागलं. त्यातलीच एक केस सांगते, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, घरच्यांना विचारून लिहितेय.

सागर म्हणूया त्याला. वय २९, कराडच्या बाजूचा. हेवी लायसन, सात वर्षं ट्रेलरवर, न्हावाशेवाहून चाळीस फुटी कंटेनर उचलायचा आणि कधी नागपूर कधी हैदराबाद. हातात महिन्याला २८ हजार, ट्रिपचा भत्ता वेगळा. घरी आई, आण्णा म्हणजे वडील, आणि दीड एकर, तेवढीच. बहिणीच्या लग्नाचं थोडं कर्ज अजून फिटायचंय.

गेल्या वर्षी, २०२५ च्या दसऱ्यानंतर आई त्याला घेऊन आली, म्हणजे अक्षरशः धरूनच आणलेलं. कारण काय तर घरी आला तरी घरात झोपत नाही, दारात लावलेल्या गाडीच्या केबिनमध्ये झोपतो, आण्णांशी दोन महिने बोललेला नाही. खुर्चीत बसला आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मॅडम, ती पांढरी गाडी तुमची का? उतारावर लावलीय, गिअरमध्ये ठेवत जा, नुसत्या हँडब्रेकवर सोडू नका." मी खाली जाऊन गाडी गिअरमध्ये टाकून आले. तिथून आमचं जरा जमलं.

मामला असा होता. शहरातल्या एका एजंटनं १८ लाख सांगितलेले, "जॉब गॅरंटी, महिना चार लाख, राहणं कंपनीचं". आण्णा जमीन विकायला तयार नाहीत, आई दागिने द्यायला तयार पण नवऱ्याला विचारायची हिंमत नाही, आणि सागरचं एकच, तुम्हाला माझं भलं बघवत नाही.

अशा वेळी घरचे काय करतात तर "सगळं फ्रॉड असतं, फसवतात" म्हणून विषय संपवतात. मला हे पटत नाही, कारण पोरगं मूर्ख नसतं, त्यानं यूट्यूबवर शंभर व्हिडिओ बघितलेले असतात आणि त्यातलं बरंच खरं असतं. आता पगाराचंच घ्या. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत २०२४ मध्ये मोठे ट्रक चालवणाऱ्यांचा मधला पगार वर्षाला ५७,४४० डॉलर होता, म्हणजे निम्मे त्याच्या वर आणि निम्मे खाली. रुपयात मोजला तर महिन्याला चारेक लाख होतात, टॅक्स आणि तिथला खर्च जायच्या आधी. म्हणजे एजंटचा आकडा खोटा नव्हताच! गोची इथंच आहे. आपण खोटं शोधतो पगारात, ते लपलेलं असतं दुसरीकडे.

म्हणून मी त्याला जाऊ नको म्हटलंच नाही. म्हटलं, जा की, फक्त एजंटला एक विचारून ये, व्हिसा कुठला? नाव सांगा म्हणावं. आणि कंपनीचा डॉट नंबर, म्हणजे तिथल्या ट्रक कंपनीचा सरकारी नंबर, तो आण.

आठवड्यानं आला. एजंट म्हणाला एच-वन-बी. आता एच-वन-बी म्हणजे डिग्री लागते अशा कामांचा व्हिसा, आपली आयटीतली पोरं जातात तो, ड्रायव्हिंग त्यात बसतच नाही. वर सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून माणूस आणायचा तर त्याच्या नव्या अर्जावर कंपनीला १ लाख डॉलर भरायला लावलेत. मी सागरला म्हटलं, बाबा, तुझ्या मालकानं तुझ्यावर ८० लाखाच्या वर फी भरली असती का रे? तो हसला, बऱ्याच दिवसांनी हसला असं आई नंतर म्हणाली.

परत पाठवला. मग एजंट म्हणाला "वर्क परमिट". अहो पण कसलं? मग म्हणाला टुरिस्टवर जायचं, तिथं गेल्यावर कन्व्हर्ट होतं. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करता येत नाही, एवढं तर सागरलाही माहीत होतं. तिसऱ्या खेपेला पोटातलं ओठावर आलं, "तिथं आपला वकील आहे, असायलमची फाईल टाकायची, फाईल चालू असते तोवर परमिट मिळतं." असायलम म्हणजे काय हे त्याला मी मराठीत सांगितलं, की माझ्या गावात माझ्या जिवाला धोका आहे, मला परत पाठवू नका असं शपथेवर लिहून द्यायचं. तो दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणतो, "मॅडम, धोका कुणापासनं सांगू? आण्णांपासनं?"

खरे रस्ते नाहीत असं नाही, पण ते सांगून कुणी १८ लाख देणार नाही. एक आहे एच-टू-बी, तो हंगामी कामाचा, ठरावीक महिन्यांचा. दुसरा ईबी-थ्री, तो ग्रीन कार्डाचा रस्ता, कंपनीनं तुमच्यासाठी अर्ज करायचा, आणि त्यात भारतीयांची रांग इतकी लांब की २०२५ मध्ये साधारण २०१३ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. सागर आज रांगेत उभा राहिला तर... त्यानं बोटं मोजली आणि सोडून दिलं. आणि ह्या दोन्हींत कंपनीनं करायच्या अर्जाचा, भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला अमेरिकेच्या कायद्यात बंदी आहे. आपल्याकडचं बघाल तर परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदवलेला असावा लागतो, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधता येतं, आणि सर्व्हिस चार्जची मर्यादा आहे ३० हजार अधिक जीएसटी. त्यात हे १८ लाख कुठं बसवायचे?

वरून ह्या सगळ्याच्या आधीच, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेनं ट्रक ड्रायव्हरांना कामाचे व्हिसा द्यायचं थांबवल्याचं जाहीर केलेलं. एजंट हे दसऱ्यानंतरही सांगत नव्हता. जून २०२५ पासून तर इंग्रजीवरही कडक झालेत, रस्त्यात तपासणीला अडवलं आणि पाट्या वाचता आल्या नाहीत, साहेबाला उत्तर देता आलं नाही, तर ड्रायव्हरला तिथंच गाडीवरून उतरवतात.

डॉट नंबरची गंमत सांगायची राहिली. अमेरिकेत राज्याबाहेर माल नेणाऱ्या प्रत्येक ट्रक कंपनीला सरकारी नंबर असतो आणि तो तिथल्या सरकारच्या वेबसाईटवर कुणीही फुकट तपासू शकतं. सागरच्या ऑफर लेटरवर झकास लोगो, खाली गरुड, ईमेल मात्र जीमेलचा. माझ्या लॅपटॉपवर दोघांनी मिळून नंबर टाकला. कंपनी निघाली, खरीखुरी! सागरचा चेहरा असा उजळला की मलाच वाईट वाटलं. मग खाली सरकवलं. ट्रक : १. ड्रायव्हर : १. आणि लेटरमध्ये लिहिलेलं की आम्ही भारतातून ४० ड्रायव्हर घेतोय. सागर स्क्रीनकडे बघत म्हणाला, "एका स्टेअरिंगवर चाळीस जण? शिफ्ट लावणार काय?"

एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल विषय संपला. नाही संपत. कागद खोटा निघाला म्हणून माणसाची ओढ खोटी ठरत नाही, आणि घरचे नेमके इथंच "बघ, आम्ही सांगत नव्हतो?" म्हणतात आणि पोरगं दुसरा एजंट शोधतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं बेकायदा गेलेले १०४ भारतीय लष्करी विमानातून अमृतसरला आणून सोडले ना, त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. ही माणसं काय बातम्या वाचत नसतील?

म्हणून मी त्याला एकाशी बोलायला लावलं. माझ्या मैत्रिणीचे एक नातेवाईक आहेत, ग्रीन कार्डवाले, कॅलिफोर्नियात बरीच वर्षं ट्रक चालवतात. व्हिडिओ कॉल लावला, ते कुठल्यातरी गोडाऊनच्या दारात माल उतरायची वाट बघत बसलेले, तीन तास झालेले. "पैसा मैलावर मिळतो भावा, चाक फिरलं तर पैसा, हे थांबलेले तीन तास म्हणजे जवळपास फुकट." मग त्यांनी सगळं दाखवलं, ५३ फुटी ट्रेलर, मागं झोपायचा बंक, छोटा फ्रीज, समोर रस्त्याकडे एक कॅमेरा आणि एक स्वतःच्या तोंडाकडे. हिवाळ्यात डोनर पासच्या घाटात बर्फ पडलं की रात्री दोनला खाली उतरून चाकांना साखळ्या बांधायच्या, हातमोज्यातून बोटं कळत नाहीत म्हणाले. हायवेवर पंजाबी ढाबे आहेत म्हणून जेवणाचं तरी भागतं. संध्याकाळ झाली की पार्किंग मिळत नाही, हे तर तीनदा सांगितलं.

सागर ऐकत होता, विशेष काही वाटलं नाही त्याला. थंडी, एकटेपणा, आईची आठवण, ह्यानं तो घाबरणारा नव्हता, आत्ताही महिन्यातले चोवीस दिवस एकटाच असतो. पण मग ते म्हणाले की इथं ११ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही, ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांनी ड्रायव्हिंग बंद, आणि मग सलग १० तास सुट्टी घ्यावीच लागते, गाडीतलं मशीन सगळं नोंदवतं, मालकाला हात लावता येत नाही.

सागर ताठ बसला. "दादा, म्हणजे तिकडं झोपायचा कायदा आहे?"

मी त्या दिवशी घरी जाऊन हेच वाक्य घोळवत होते. माझी इतकी वर्षांची समजूत अशी की ही पोरं डॉलरला भुलतात. आणि हा झोपेला भुलला होता. त्याच्या मालकाचा फोन म्हणजे "उद्या सकाळी नागपूर पाहिजे", बाकी तू कसा जातोस ते तू बघ. खंबाटकीच्या खाली पहाटे चारला डुलकी लागून गाडी दुभाजकाला घासली होती म्हणे एकदा, घरी सांगितलं नव्हतं. आपल्याकडेही १९६१ चा कायदा होता हो, मोटार वाहतूक कामगारांचा, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. मी त्याला तो सांगितला. सात वर्षांत त्यानं नावही ऐकलं नव्हतं.

आणि दुसरं, जे चौथ्या भेटीत आलं. तीन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली, तीनही मोडली. पोरगं निर्व्यसनी, दिसायला बरं, "पण ड्रायव्हर आहे". एका ठिकाणी तर मुलीच्या मामानं त्याच्या देखत विचारलं, दुसरं काही करत नाही का? सागर म्हणाला, "मॅडम, अमेरिकेत ड्रायव्हर म्हटलं की लोकांना ड्रायव्हर ऐकूच येत नाही, नुसतं अमेरिका ऐकू येतं." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, खोटं कशाला सांगू. मी एवढंच विचारलं की हे आण्णांना माहीत आहे का? नव्हतं. आण्णांना वाटत होतं पोराला जमीन नकोशी झालीय.

त्याच भेटीत अजून एक बाहेर आलं. एक लाख आधीच दिलेले, "फाईल चार्ज". साठ हजार यूपीआयनं आणि चाळीस रोख. हे घरी सांगायची इतकी भीती की त्यापायी केबिनमध्ये झोपत होता, समोरासमोर यायलाच नको. मी म्हटलं पुढच्या वेळी आण्णांना घेऊन ये, इथं सांग, मी बसलेली असेन.

आण्णा आले. धोतर, टोपी, हातातली पिशवी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. सागरनं सगळं सांगितलं, पैशाचं, मामाच्या त्या वाक्याचं, डुलकीचं सुद्धा. आईनं पदर तोंडाला लावलेला. मी मनात तयारी करून बसलेले की आता आण्णा भडकले तर कसं सावरायचं. आण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पावती हाय का?"

पावती म्हणजे एजंटच्या व्हिजिटिंग कार्डच्या मागं पेनानं लिहिलेलं "४० मिळाले", सही अर्धवट. पण यूपीआयचा स्क्रीनशॉट होता, व्हॉट्सअपवर आलेलं ऑफर लेटर होतं, आणि "टुरिस्टवर जायचं" म्हणणारा व्हॉइस मेसेज होता, तो तर सोन्यासारखा. (असले मेसेज चिडून डिलीट करू नका, कितीही राग आला तरी.) पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. साठ हजार दोन हप्त्यांत परत आले.

सागर अजून त्याच मालकाकडे आहे, फक्त रात्री बारा ते चार गाडी चालवणार नाही असं सांगून टाकलं, मालक दोन दिवस फुगला आणि मग गप बसला कारण सात वर्षांचा ड्रायव्हर कुठं मिळतोय आता. इंग्रजी शिकतोय मोबाईलवर. अमेरिका डोक्यातून गेलीय का? नाही गेली, आणि मी ती काढायला जाणार पण नाही. मात्र आता कुणी काही ऑफर सांगितली की पहिलं विचारतो, व्हिसा कुठला. झोपतो घरात.

चाळीस हजार रोख दिलेले, ते अजून यायचेत. आण्णा दर आठवड्याला बाजाराला गेले की त्या एजंटच्या ऑफिससमोरच्या कट्ट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसतात, भांडत नाहीत, काही बोलत नाहीत, आत जाणाऱ्या पोरांनी विचारलं की बाबा कुणाकडं आलाय, तर तेवढं सांगतात.