गोळी कुटून द्यावी का?

प्रश्न : सासूबाईंना गोळ्या गिळताना ठसका लागतो. त्यांना सांभाळणाऱ्या ताई सगळ्या गोळ्या एकत्र कुटून जेवणात कालवतात. चालेल का?

उत्तर : सरसकट नाही. आधी पाकिटं हातात घ्या. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल अशी अक्षरं दिसली, तर ती गोळी औषध तासन्‌तास हळूहळू सोडणारी असते. कुटली की तो सगळा डोस एकदम अंगात उतरतो. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची अशी गोळी असेल तर जिवावर बेतू शकतं. काही गोळ्यांवरचं आवरण गोळी जठरातल्या आम्लात विरघळू नये म्हणून असतं, तेही कुटल्यावर गेलंच. आणि मेथोट्रेक्सेट या संधिवात-कर्करोगावरच्या औषधाची पूड कुटणाऱ्याच्याही अंगाला लागता कामा नये.

दुसरं, सासूबाईंनी अर्धं ताट टाकलं तर औषध किती पोटात गेलं? मी वॉर्डात असताना गोळी गिळलेली पाहिल्याशिवाय नर्सना औषधांच्या तक्त्यावर सही करू देत नसे. काही जणींना तो माझा खाष्टपणा वाटायचा. आणि जेवणातून औषध जातंय, हे सासूबाईंना ठाऊक आहे ना? समज शाबूत असलेल्या माणसाला नकळत औषध देणं मला मुळीच पटत नाही.

औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा. पुष्कळ औषधं पातळ स्वरूपात मिळतात. ती घरातल्या चमच्याने देऊ नका. 5 मिलीची तोंडाने औषध द्यायची सिरिंज घ्या. मात्र ठसका का लागतो, हे आधी तपासून घ्या.