एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळतात, तरी लोक त्या मध्येच का सोडतात?

तुम्ही लिहिलंय की तुमचे मामा कित्येक वर्षं नियमित गोळ्या घेत होते, दिवाळीनंतर एकदम बंद केल्या आणि विषय काढला की चिडतात. औषध फुकट, दिवसाला एकच गोळी, मग अडतंय कुठे, हा तुमचा प्रश्न.

मी मराठवाड्यातल्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, समुपदेशक आहे. मामा निष्काळजी आहेत हे आधी मनातून काढा. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेकांनी गोळी सोडली ती कुणाच्या तरी नजरेला पडेल या धास्तीने.

औषधाचा त्रास हे कारण पूर्वी मोठं होतं. 2004 साली सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हाच्या स्टॅव्हुडीनने गाल बसायचे, तळपायांची आग व्हायची. झिडोव्हुडीनने रक्त कमी व्हायचं. नंतर आलेल्या इफाविरेन्झने गरगरायचं, वाईट स्वप्नं पडायची. आता बहुतेकांना टीएलडी मिळते. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत, जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर. त्रास पुष्कळ कमी झाला, पण गोळी लपवायची गरज काही संपली नाही.

गोळ्या प्लास्टिकच्या बाटलीत येतात आणि पिशवीत खुळखुळ वाजतात. आमच्याकडे येणाऱ्या एक ताई सेंटरमधून निघण्याआधी बाटलीचं लेबल नखाने खरवडून काढतात, आत कापूस कोंबतात. घरी ती बाटली तांदळाच्या डब्यात तळाशी जाते, कारण सासूला माहीत नाही. घरात कार्य निघालं, पाहुणे राहायला आले, की स्वयंपाकघर रिकामं सापडत नाही आणि चार-पाच दिवस गोळी बुडते. एकदा खंड पडला की ‘आता काय उपयोग’ असं वाटून माणूस पुढच्या तारखेलाही येत नाही. दिवाळीत तुमच्या मामांकडे कोण कोण राहायला होतं, जरा आठवून पाहा.

दिवाळीच्या सुमारास दुसरंही एक घडतं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा केला की पैसे कापले जातात, आणि खोपीत तर आडोसाच नसतो. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, परगावच्या सेंटरवरूनही घेता येतात. पण त्यासाठी निघण्याआधी आम्हाला कळायला हवं, आणि गाडी दारात येईपर्यंत त्यांनाच निघायचा दिवस ठाऊक नसतो.

फुकट औषधालाही खर्च आहेच. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लोक जवळचं सेंटर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात नाव नोंदवतात. एका खेपेत दिवसाची मजुरी जाते, वर भाडं. एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्हीबाधितांना सवलत आहे, पण तो पास कंडक्टरला दाखवावा लागतो, आणि कंडक्टर पंचक्रोशीतलाच निघाला तर? लोक गुपचूप पूर्ण तिकीट काढतात.

दारू घेतली की गोळी ‘उलटेल’ म्हणून त्या दिवशी टाळणारे पुष्कळ. दारू वाईटच, पण प्यायल्या दिवशीही गोळी चुकवायची नाही. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या, रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही, म्हणजे आजार गेला, असंही काहींना वाटतं. तो गोळीने दबलेला असतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत पुन्हा वाढतो.

आणि सेंटरवरच्या आमच्या कर्मचाऱ्यांची वागणूक. दर खेपेला उरलेल्या गोळ्या मोजतात. जास्त उरल्या की चारचौघांत बोलणी बसतात. त्या भीतीने लोक उरलेल्या गोळ्या वाटेत टाकून रिकामी बाटली पुढे करतात. मग सगळं ठीक दिसतं आणि खरी अडचण कुणाला कळतच नाही. याचा मला फार राग येतो.

तेव्हा मामांना ‘का सोडल्या’ असं विचारू नका. ‘बाटली माझ्याकडे ठेवू का? सेंटरवर मी सोबत येऊ का?’ असं विचारा. खंड पडला म्हणून कुणाचं औषध कायमचं बंद होत नाही. जुन्या बाटलीतून घरच्या घरी सुरू करण्यापेक्षा याच आठवड्यात सेंटर गाठा. खोकला, ताप असेल, वजन उतरलं असेल तर आधी ते सांगा, कारण टीबी निघाला आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं तर डोल्युटेग्राविरचा दिवसात आणखी एक डोस लागतो. अ‍ॅसिडिटीचं औषध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा, त्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. त्या सेंटरवर जायचंच नसेल तर दुसरीकडे बदली मागता येते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार त्यांच्या संमतीशिवाय त्यांचा आजार कुणाला सांगता येत नाही, हेही त्यांच्या कानावर घाला. जवळचं सेंटर कुठे आहे ते 1097 या मोफत क्रमांकावर सांगतात.