एम.ए.ला वाचलेले लक्षात का राहत नाही, आणि वाचावे तरी कसे?

आपण विचारले आहे की, गोव्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला दर आठवड्याला दीडशे-दोनशे पाने इंग्रजी वाचावी लागतात, सगळे रेघा मारून वाचले तरी आठ दिवसांनी काही आठवत नाही, तेव्हा वाचावे कसे, टिपणे कशी काढावीत आणि अभ्यास पहाटे करावा की रात्री. शेवटी आपण सहज जाता जाता लिहिले आहे की, चौथीपर्यंतचे शिक्षण मराठी शाळेत झाल्यामुळेच बहुधा ही अडचण येत असावी. आधीच्या प्रश्नांना उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यासाठी, कारण पंचवीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मला एका शिक्षकांनी ऐकवले होते आणि मी ते खरे मानून एक वर्ष वाया घालवले होते.

माझी वाट आपल्यासारखीच होती. घरात बोलणे कोकणी, वाचन आणि लेखन मराठी, पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत. एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा मी इंग्रजी पुस्तक वाचून टिपणे मराठीत काढत असे. त्यामागे काही विचार नव्हता, हाताला तीच सवय होती. पहिल्या वर्षी आम्हाला शिकवणाऱ्या एका सरांनी वर्गात फिरता फिरता माझी वही उचलली, दोन पाने चाळली आणि सर्वांसमोर सांगितले, "तुमची प्राथमिक शाळा अजून सुटलेली दिसत नाही. पेपर इंग्रजीत लिहायचे आहेत, तर विचारही इंग्रजीतच करायला शिका." त्यांचा हेतू वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. परंतु त्याच संध्याकाळी मी ती वही बंद केली, नवी वही आणि पिवळा मार्कर विकत घेतला, आणि पुढचे कित्येक महिने इंग्रजी पुस्तकांतली चांगली वाटणारी वाक्ये जशीच्या तशी उतरवून काढली. वही देखणी दिसू लागली. माझे इंग्रजी सुधारले असे मैत्रिणीही म्हणू लागल्या.

वर्षाच्या अखेरीस मला निबंधवाचनासाठी विषय मिळाला तो खाजन शेती आणि गावकरी संस्था यांचा. खाजने म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एका वाक्यात सांगते: खाडीच्या काठची खारी जमीन माती आणि चिऱ्यांचे बांध घालून भरतीपासून राखायची आणि तिथे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकवायचे, अशी ही जुनी व्यवस्था आहे, आणि गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते. गावकरी संस्था म्हणजे गावच्या मूळ कुटुंबांतल्या गावकारांची, गावची जमीन सामायिक राखणारी संस्था. माझे गाव फोंडा तालुक्यात झुआरीच्या काठी आहे आणि माझे आजोबा खाजनातल्या एका तुकड्याचे कूळ होते, त्यामुळे विषय हाती आला तेव्हा मला आनंदच झाला. या विषयावरचा एक इंग्रजी लेख मी चार वेळा वाचला. त्याची जवळजवळ सगळी पाने पिवळी झाली होती. निबंध मी न अडखळता वाचला. वाचून झाल्यावर पाहुणे म्हणून आलेल्या एका प्राध्यापिकांनी अगदी साधा प्रश्न विचारला: "बांधात जे दार असते, ते ओहोटीच्या वेळी उघडते कोण?"

मी उत्तर दिले, "कम्युनिटी."

लेखात प्रत्येक क्रिया कम्युनिटीच करत होती, म्हणून माझ्या तोंडी तोच शब्द आला. खरे उत्तर असे आहे की ते दार कोणी उघडत नाही. आमच्या गावच्या मानशीला, म्हणजे बांधातल्या त्या दाराला, लाकडी झडपा होत्या. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की त्या आपोआप मिटत, आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर पडू लागले की त्याच दाबाने उघडत. लहानपणी मी त्या मानशीवर बसून पाय सोडलेले आहेत. ओहोटीच्या वेळी तिथे जाळे लावून मासळी धरत, आणि त्या हक्काची पावणी होत असे, म्हणजे लिलाव होत असे, हेही मला माहीत होते. असे असताना चार वेळा वाचलेल्या लेखातले दार आणि मी पाहिलेली मानस ही एकच वस्तू आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. लेखातले इंग्रजी शब्द एका बाजूला पडून राहिले होते आणि माझे जगणे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची गाठ पडायची जी एकच जागा होती, ती माझी मराठी वही, मी स्वतःच बंद करून टाकली होती.

त्या शनिवारी मी घरी गेले आणि आजोबांना सगळे सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, "उदक खंयसून येता आनी खंय वता, तें आदीं सांग." पाणी कुठून येते आणि कुठे जाते, ते आधी सांग. मी कोकणीत सांगू लागले आणि ते जागोजाग अडवू लागले. मी 'लोक बांध दुरुस्त करत' म्हटले की ते विचारत, कोणते लोक? गावकार की कुळे? मी 'उत्पन्न वाटून घेत' म्हटले की ते म्हणत, जोण, म्हणजे संस्थेच्या नफ्यातला वाटा, गावकारांना मिळायची, आम्हाला नव्हे. पण पावसात बांध फुटला की चिखल घेऊन धावायचे ते आम्हीच. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे कशी आली आणि त्यात कुठे कुचराई झाली, हेही त्यांनी सांगितले. त्या रात्री मी जुनी वही काढली, लेख मिटून बाजूला ठेवला आणि त्यातले म्हणणे मराठीत लिहायला घेतले. पहिल्याच परिच्छेदात अडले. 'कम्युनिटी'ला मराठीत काय लिहायचे? गाव लिहावे, गावकरी संस्था लिहावी, की समाज लिहावा? तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत, त्यांत येणारी माणसेही वेगळी आहेत. एक शब्द निवडण्यासाठी मला लेख पुन्हा उघडून प्रत्येक ठिकाणी लेखकाला नेमके कोण अभिप्रेत आहे ते शोधावे लागले, आणि शोधताना दिसले की लेखकाने तो शब्द कधी गावकारांसाठी वापरला आहे, तर कधी सगळ्या गावासाठी, आणि कुळे या दोहोंच्या मध्ये नाहीशी झाली आहेत. एम.ए.च्या पूर्ण वर्षातला माझा स्वतःचा असा तो पहिला विचार होता. पुढे माझा लघुप्रबंधही त्याच विषयावर झाला.

हे इतके लांबण लावून सांगितले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर याच्यातच आहे. इंग्रजी वाचून इंग्रजीतच टिपण काढताना वाक्य न समजताही उतरवता येते. एखाददुसरा शब्द बदलला की ते आपलेच वाटू लागते. मराठीत तशी पळवाट मिळत नाही. वाक्य आणायचे तर कर्ता कोण, कर्म काय, हे ठरवावे लागते, शब्द निवडावा लागतो, आणि निवडता आला नाही की आपल्याला समजलेले नाही हे त्याच क्षणी कळते. अफोन्सो मेक्सिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली गावकऱ्यांच्या चालीरीतींची जी सनद लिहून घेतली, तिचे इंग्रजी भाषांतर पुढे मी याच रीतीने वाचले. पोर्तुगीज कागदात 'गांकार' होऊन बसलेला माणूस मराठीत लिहिताना पुन्हा गावकार झाला, आणि कलमे वाचताना आजोबांचे प्रश्न आपोआप आठवू लागले.

हा केवळ माझा अनुभव आहे असे कोणी म्हणेल, म्हणून अभ्यासाविषयी झालेल्या संशोधनातले थोडे सांगते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला, तर काहींना एकदा वाचून तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आपल्याला वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते आणि आठ दिवसांनी पाटी कोरी होते, त्याचे कारण हेच आहे. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणे या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले, आणि रेघा मारणे व पुन्हा वाचणे यांना खालचे. सारांश काढणेही त्यांनी त्या खालच्या गटातच टाकले आहे, म्हणूनच टिपण काढताना पुस्तक मिटलेले असावे यावर माझा इतका भर आहे.

मी केले ते असे. वहीच्या डाव्या पानावर लेखाचे नाव, पृष्ठांक आणि जे शब्द बदलून चालत नाहीत ते इंग्रजी पारिभाषिक शब्द. उजवे पान पुस्तक मिटल्यानंतरच लिहायचे, मराठीत, पूर्ण वाक्यांत. त्याखाली लेखकाला विचारावासा वाटणारा एक प्रश्न. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून चुका वेगळ्या शाईने दुरुस्त करायच्या, आणि दोन दिवसांनी, मग आठवड्याने, उजवे पान झाकून तेच पुन्हा सांगायचे. फोंडा-पणजी कदंबाच्या बसमध्ये बसून मी हे मनातल्या मनात सांगत असे. लिहिण्याचे काम बहुतेक मध्यवर्ती ग्रंथालयात होई. १८३२ साली सुरू झालेले ते ग्रंथालय तेव्हा मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होते. आता कृष्णदास शामा यांच्या नावाने पाटोवर आहे, आणि आपण पणजीच्या आसपास राहत असाल तर तिथे जाऊन बसावे असे मी आग्रहाने सांगेन.

दोनशे पानांचे काय, असे आपण विचाराल. सगळी पाने सारखी वाचायची नसतात. प्रस्तावना, निष्कर्ष आणि तळटिपा आधी पाहून त्या आठवड्याचा आपला प्रश्न कोणत्या तीस-चाळीस पानांत आहे ते ठरवावे आणि ती वर सांगितल्याप्रमाणे वाचावीत. उरलेल्या पानांत काय आहे एवढे ठाऊक असले तरी पुरे. रोज बारा तास वाचतो असे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. मोबाइलवर तयार मिळणाऱ्या सारांशांवरही ठेवत नाही, कारण शब्द निवडण्याचे जे कष्ट आपण घ्यायचे असतात ते तिथे दुसऱ्यानेच उरकलेले असतात. गेली अठरा वर्षे मी उच्च माध्यमिक विद्यालयात इतिहास शिकवते आहे, आणि इंग्रजी उत्तर घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मी आधी तेच कोकणीत किंवा मराठीत सांगायला लावते. अर्ध्याहून अधिक वेळा तो तिसऱ्या वाक्यालाच थांबतो.

आता राहिलेल्या गोष्टी. गणित किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना ही रीत जशीच्या तशी लागू पडणार नाही. तिथे पुस्तक मिटून सिद्धता किंवा आकृती पुन्हा मांडणे हेच काम करते. आपला विषय आपण सांगितलेला नाही, तेव्हा हे ध्यानात घ्यावे. ज्यांचे सगळे शिक्षण इंग्रजीत झाले आहे त्यांनी ओढूनताणून मराठीत लिहिण्याची गरज नाही. आणि सरांचे एक म्हणणे बरोबर होते: पेपर इंग्रजीत लिहायचा असतो आणि त्याचा सराव वेगळा करावाच लागतो. मी तो उशिरा केला आणि पहिल्या पेपरात त्याची किंमत मोजली. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून रोज एक उत्तर, मराठी वही झाकून, वेळ लावून इंग्रजीत लिहावे. सरांची चूक एवढीच की उत्तराची भाषा आणि समजून घेण्याची भाषा या दोन वेगळ्या असू शकतात हे त्यांनी मानले नाही, आणि ते मला त्यांना तेव्हा सांगता आले नाही. मराठी शाळेमुळे आपल्याला अडचण येत नाही. आपण बहुधा त्या शाळेने दिलेले लिहिणे थांबवले आहे, म्हणून येत आहे.

पहाटे की रात्री, याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नाही. मला सकाळी सव्वासातची बस गाठायची असे, म्हणून मी उजवे पान रात्री जेवणानंतर लिहीत असे आणि सकाळी बसमध्ये ते स्वतःला सांगून पाहत असे.