इंग्लंडमधील पबांच्या हौशी डार्ट्स लीगचा इतिहास काय आहे? तेथे गावागावाचा फलक वेगळा असतो, हे खरे आहे का?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण पहिल्या भागाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. डार्ट्स म्हणजे भिंतीवरच्या गोल फलकावर हाताने छोटे बाण फेकून गुण मिळवण्याचा खेळ. त्याचा फलक गावागणिक वेगळा असे हे खरे आहे आणि काही ठिकाणी तो आजही तसाच आहे. मी नोकरीनिमित्त मँचेस्टरजवळ राहतो आणि घराशेजारच्या पबच्या संघातून मंगळवारची लीग खेळतो. माझा खेळ बेताचाच आहे, पण जुन्या खेळाडूंच्या शेजारी बसून गुण लिहिण्याचे काम मला पुष्कळदा मिळते आणि या विषयाची गोडी तिथेच लागली.

गल्लीतले क्रिकेट आठवून पाहा. एका गल्लीत ‘एक टप्पा आऊट’ असतो, शेजारच्या गल्लीत नसतो, आणि दोन गल्ल्यांचा सामना ठरेपर्यंत त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. डार्ट्सचेही तसेच होते. आजच्या नेहमीच्या फलकाचे वीस भाग असतात, माथ्यावर वीसचा आकडा असतो, आणि दुप्पट व तिप्पट गुण देणारी दोन अरुंद कडी असतात. यॉर्कशायरच्या फलकावर तिप्पट गुणांचे कडे नव्हते. पूर्व लंडनमध्ये ‘फाइव्हज’ नावाचा फलक असे, ज्याचे फक्त बारा भाग होते आणि त्यांवर पाच, दहा, पंधरा, वीस एवढेच आकडे पुन्हापुन्हा येत. मँचेस्टरचा फलक म्हणजे ओंडक्याचा आडवा काप, आकाराने लहान, आणि त्याच्या माथ्यावर वीसऐवजी चार. उभे राहण्याचे अंतरही कुठे साडेसात फूट, कुठे आठ, तर कुठे नऊ.

हे सारे एका मापात आणण्याची गरज लीगने निर्माण केली. इंग्लंडमधील बहुतेक पब ब्रुअरींच्या, म्हणजे बीर बनवणाऱ्या कंपन्यांच्या, मालकीचे असत. आठवड्याच्या मधल्या रिकाम्या संध्याकाळी एका पबचा संघ दुसऱ्या पबात खेळायला गेला, तर दोन्हीकडे गिऱ्हाईक वाढते, हे ब्रुअरींच्या लवकर ध्यानात आले आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी आपापल्या पबांच्या लीग भरवून चषक ठेवायला सुरुवात केली. हौशी खेळाच्या मुळाशी हा व्यापार आहे आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. १९०८ साली लीड्सच्या न्यायालयात एका खेळाडूने वीसच्या घरात तीन बाण मारून हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ असल्याचे सिद्ध केले, ही कथा प्रत्येक पबात ऐकू येते. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी.

खरे वळण आले ते १९२७ साली. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या रविवारच्या वृत्तपत्राने लंडन परिसरापुरती वैयक्तिक स्पर्धा भरवली, सुमारे एक हजार जणांनी नावे दिली आणि सॅमी स्टोन पहिला विजेता ठरला. पुढे एकेक प्रांत तिला जोडला गेला, तसा लंडनचा तिप्पट कडे असलेला फलक आणि आठ फुटांचे अंतरही तिकडे पोहोचले. आधी आपल्या पबात जिंकायचे, मग विभागात, मग प्रांतात, अशी ती चढण होती. प्रत्येक सामना ५०१ च्या तीन डावांचा, दोन जिंकले की संपला. ५०१ म्हणजे तेवढ्या गुणांवरून वजा करत बरोबर शून्यावर यायचे, आणि शेवटचा बाण दुप्पट गुणांच्या कड्यात मारायचा. इतक्या छोट्या सामन्यात भल्याभल्यांची गाडी घसरे, आणि तिची लोकप्रियता त्यातच होती असे माझे मत आहे. १९३८–३९ च्या हंगामात सर्व प्रांत मिळून २,८०,००० हून अधिक प्रवेशिका आल्या. लंडन व दक्षिण प्रांताची अंतिम फेरी पाहण्यासाठी इस्लिंग्टनच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये १४,५३४ प्रेक्षक जमले होते.

याच काळात फलकही बदलला. पूर्वी एल्म लाकडाचा फलक रात्रभर पाण्यात ठेवावा लागे, म्हणजे लाकूड फुगून भोके बुजत. १९३० च्या दशकात ‘नोडॉर’ कंपनीने सिसल तंतूंचा फलक काढला, ज्यात बाण निघाला की तंतू आपोआप मिटतात. सिसल म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपाताचाच भाऊबंद, हे मी संघातल्या मंडळींना सांगितले, तेव्हा कोणाचा विश्वास बसेना.

युद्धामुळे थांबलेली ही स्पर्धा १९४७–४८ मध्ये प्रथमच देशव्यापी झाली आणि सेंट हेलेन्सचा हॅरी लेडबेटर जिंकला. १९७३ साली ऑली क्रॉफ्ट यांनी लंडनमधील आपल्या घरातून ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन सुरू केली आणि कौंटी (म्हणजे जिल्हा) संघांचे सामने तिच्या छत्राखाली आले. अंतराचा वाद मिटला तो तडजोडीने: ना धड साडेसात फूट, ना धड आठ, तर ७ फूट ९¼ इंच. पुढे दूरचित्रवाणी, व्यावसायिक खेळाडू आणि १९९३ ची फूट, म्हणजे आघाडीच्या व्यावसायिकांचे या संस्थेपासून वेगळे होणे, हे सारे आले, पण तो इतिहास हौशी लीगचा नव्हे. लीगला खरा फटका बसला तो पब बंद पडू लागल्याने. संघाचे घरच गेले की संघ विखुरतो.

मँचेस्टरचा ओंडक्याचा फलक मात्र या सगळ्यातून तगला. त्याच्या दुप्पट गुणांच्या कड्याची रुंदी नेहमीच्या फलकाच्या जवळपास निम्मी असते, आणि वापरात नसताना तो ओला ठेवावा लागतो. आमच्या पबात दोन्ही फलक आहेत. लीगच्या रात्री घायपाताचा लागतो. सामना संपून पाहुणे गेले की दोन म्हातारे गृहस्थ ओला फलक काढून टांगतात, आणि चारच्या दुपटीवर डाव कसा संपवायचा हे मला गेली दोन वर्षे शिकवत आहेत.