वाचकांचे प्रश्न : जड गोळी आणि जाड हाडांचे जनावर

प्रश्न : माझे आजोबा तरुणपणी सातपुड्यात, पालच्या बाजूच्या जंगलात, साहेबांच्या शिकारीच्या वेळी हाक्याला जात असत. त्यांच्या जुन्या पेटीत दोन गोळ्या सापडल्या. एक नुसत्या शिशाची असून ती मूळची गोल असावी, परंतु आता पेढ्यासारखी चपटी झाली आहे. दुसरी बोटाच्या पेराएवढी लांब, बोथट टोकाची, धातूच्या कवचाची असून जराही वाकलेली नाही. जळगावला सराफाच्या काट्यावर पहिली सुमारे ३७ ग्रॅम आणि दुसरी साडेबत्तीस ग्रॅमच्या आसपास भरली. आजोबा सांगत की लांब गोळी रानगव्याच्या खांद्यातून आरपार जाऊन मागच्या सागात रुतली होती, तर चपटी गोळी दुसऱ्या एका गव्याच्या खांद्यातच अडकली होती. जी गोळी वजनाने जास्त, तीच कमी कशी घुसली? आणि अशा गोळीच्या धक्क्याने एवढे जनावर खरोखरच आडवे होते का?
– एक वाचक, यावल

उत्तर : आपण दोन्ही गोळ्यांचे वजन करून पाठविलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर प्रत्येकी सुमारे ३८ ग्रॅमची होते, आणि ती ज्या नळीत बसते तिलाच ‘बारा बोअर’ म्हणतात. आपली चपटी गोळी बहुधा त्याच मापाची आहे. साडेबत्तीस ग्रॅम म्हणजे जुन्या इंग्रजी मापाने ५०० ग्रेन, आणि हे .४७० (नळीचे इंचांतील नाममात्र माप) नायट्रो एक्स्प्रेस या दुनळी रायफलीच्या गोळीचे ठरलेले वजन आहे. गोळीची जाडी १२ मिलिमीटर भरली, तर शंकेला जागा उरणार नाही. तिच्या अंगावर नळीतील आट्यांचे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांचे, तिरपे ओरखडेही दिसतील. ही रायफल जन्माला येण्यामागे हिंदुस्थानच होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बंडखोरांच्या हातातील मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींना काडतुसे मिळू नयेत म्हणून इंग्रज सरकारने .४५० मापाला येथे बंदी केली, आणि कारागिरांनी किंचित मोठ्या मापाच्या नळ्या काढल्या.

आता मुख्य प्रश्न. काळ्या जमिनीत घण आपटला तर खळगा पडतो, परंतु त्याच वजनाची पहार टाकली तर ती हातभर आत जाते. वजन सारखेच असते, मात्र पहारीचे सारे वजन एका लहानशा टोकामागे उभे असते. गोळीचेही तसेच आहे. बारा बोअरच्या गोल गोळीच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १४ ग्रॅम शिसे असते, तर आपल्या लांब गोळीत तेच प्रमाण सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट आहे. त्यातच मऊ शिसे हाडावर चपटले की तोंड आणखी रुंद होते आणि घण अधिकच मोठा होतो. म्हणूनच ठासणीच्या बंदुकांच्या काळात मोठ्या जनावरांसाठी शिशात कथील मिसळून गोळी कडक करीत, आणि हत्तीसाठी तर पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची गोळी उडविणाऱ्या चार बोअरच्या बंदुका खांद्याला लावीत.

ही गोष्ट ज्यांना पटत नाही त्यांना मी ‘करामोजो’ बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचे उदाहरण देतो. त्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक ७ मिलिमीटरच्या लहान रायफलीने. तिची गोळी अवघी ११ ग्रॅमची होती, तरी ती लांब आणि कठीण कवचाची असल्यामुळे चौरस सेंटिमीटरमागे तिचे वजन सुमारे २७ ग्रॅम येते, म्हणजे जवळजवळ आपल्या आजोबांच्या गोळीएवढेच. अर्थात बेलला हत्तीच्या कवटीतील मेंदूची जागा पक्की ठाऊक होती, म्हणून ते साधले. इतरांनी त्याचे अनुकरण करू नये. आफ्रिकेतील अनेक देशांनी तर धोकादायक जनावरांकरिता .३७५ ही किमान मर्यादा घातली आहे.

धक्क्याने जनावर आडवे होते ही समजूत मात्र मनातून काढून टाकावी. साडेबत्तीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ६५० मीटर वेगाने आली आणि ८०० किलोच्या गव्यात पूर्णपणे थांबली, तरी त्या आघाताने त्याच्या देहाला सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर वेग मिळेल. मुंगीदेखील याहून फार हळू चालत नाही. जनावर पडते ते गोळी कोठे पोहोचली यावर. मेंदू किंवा पाठीचा कणा तुटला तर ते जागीच कोसळते. हृदय फुटले तरी मेंदूत उरलेल्या रक्तावर दहा-पंधरा सेकंद धावू शकते, आणि चालून येणाऱ्या गव्याला तेवढा वेळ पुरून उरतो. म्हणून जड गोळीकडून एवढीच अपेक्षा असते की खांद्याचे जाड हाड फोडूनही तिने न मोडता, न वळता सरळ आत जावे. हलकी, अतिवेगवान गोळी येथे कमी पडते, कारण ती हाडावरच फुटून तुकडे होते. शिवाय मांस हवेपेक्षा सुमारे आठशे पटींनी घन असल्यामुळे, हवेत गोळीला सरळ ठेवणारी फिरकी आत अपुरी पडते आणि लांब गोळी वाकडी वळू शकते. अलीकडे पितळेच्या सपाट तोंडाच्या गोळ्या करतात त्या यासाठीच, कारण त्या गोल टोकाच्या गोळीपेक्षा अधिक सरळ जातात.

वाघाचा हिशेब वेगळा होता. त्याची कातडी पातळ आणि हाडे गव्याहून हलकी, त्यामुळे त्याला आत पसरणारी मऊ टोकाची गोळी लागे. कठीण गोळी अरुंद भोक पाडून निघून जाई आणि जखमी वाघ झुडपात शिरे. चुकीच्या नेमाचे मोल कोण भरतो हे कुमाऊँने पाहिले आहे. १९०७ साली चंपावतजवळ मारलेल्या नरभक्षक वाघिणीचे उजवे सुळे बंदुकीच्या जुन्या जखमेने तुटलेले होते, आणि नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली होती. माझ्या मते या विषयात इतके खोल जाण्याचे खरे कारण हेच आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे गवा किंवा वाघ मारणे हा गुन्हा आहे, तेव्हा या दोन वस्तू आता केवळ आजोबांची आठवण म्हणून राहतील. पेटीत न उडालेले काडतूस निघाले, तर त्याला ठोकू वा उघडू नये आणि पोलीस ठाण्याला कळवावे. चपट्या गोळीवर पांढरी भुकटी धरली असेल, तर तीही शिशाचीच आणि विषारी असते. गोळी काचेच्या झाकणाच्या डबीत ठेवावी, लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि हाताळल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.