प्रोसडी या चॅट सर्व्हरवर सर्टिफिकेट बसवलं, तरी क्लायंट ‘नाव जुळत नाही’ का म्हणतो? आणि ते बसलं की मेसेज पूर्ण सुरक्षित होतात का?

तुम्ही सर्टिफिकेट घेतलंय ‘चॅट.एक्झाम्पल.ऑर्ग’चं आणि लोकांचे पत्ते मात्र ‘अमुक@एक्झाम्पल.ऑर्ग’ असे आहेत. गोम इथेच आहे. एक्सएमपीपीत (प्रोसडी ज्या चॅट प्रोटोकॉलवर चालतं, त्यात) क्लायंट सर्टिफिकेटवर @ नंतरचं नाव शोधतो. एसआरव्ही रेकॉर्डने (चॅट सर्व्हर कुठल्या मशीनवर आहे हे सांगणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदीने) त्याला कुठल्या मशीनवर आणलं, हे तो धरत नाही, आणि ते योग्यच आहे. डीएनएसमध्ये कोणी फेरफार करून त्याला भलत्याच मशीनवर नेलं, तर त्या मशीनचं नाव खरं निघून काय उपयोग? तेव्हा सर्टिफिकेट एक्झाम्पल.ऑर्गचंच घ्या. ग्रुप चॅट असेल तर कॉन्फरन्सचं सबडोमेनही त्यात घाला, नाहीतर बाहेरच्या सर्व्हरवरचे लोक तिथे अडकतात. वेबसाइट दुसऱ्या मशीनवर असली तर डीएनएस चॅलेंजने, म्हणजे डोमेन आपलंच आहे हे डीएनएसमध्ये नोंद टाकून दाखवून, काम होतं.

पुढचा खड्डा परवानगीचा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटची प्रायव्हेट की फक्त रूटला वाचता येते, प्रोसडी चालतं स्वतःच्या युजरखाली. कीची परवानगी कृपा करून सैल करू नका. प्रोसडीसीटीएलची ‘सर्ट इम्पोर्ट’ कमांड रूटने चालवा आणि तीच सर्टबॉटच्या (सर्टिफिकेट आपोआप नवं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) डिप्लॉय हुकमध्ये टाका, म्हणजे दर रिन्यूअलनंतर ती आपोआप चालेल. मी हुक टाकला नव्हता. एका सकाळी सगळ्यांचे क्लायंट ‘मुदत संपली’ म्हणू लागले. सर्टबॉटच्या लॉगमध्ये रिन्यूअल यशस्वी, डिस्कवर नवी फाइल हजर, आणि प्रोसडी अजून जुनंच सर्टिफिकेट दाखवत होतं. तपासताना ब्राउझरवर विसंबू नका, तो वेबचा पोर्ट बघतो. ओपनएसएसएलने स्टार्टटीएलएस लावून 5222 (क्लायंटसाठीचा) आणि 5269 (इतर सर्व्हरसाठीचा) दोन्ही पोर्ट बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. टीएलएस, म्हणजे सर्टिफिकेटवर चालणारं एन्क्रिप्शन, फक्त वाटेपुरतं असतं. सर्व्हरवर मेसेज उलगडतो आणि सर्व्हर ज्याच्या हातात, त्याला तो वाचता येतो. ते टाळायला ओमेमो सुरू करा, म्हणजे मेसेज फक्त दोन्ही टोकांच्या क्लायंटमध्येच उलगडतो.

वाट सुरक्षित आहे, हेही गृहीत धरू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये जॅबर.आरयू या जुन्या सर्व्हरवर 5222 पोर्टचं ट्रॅफिक मध्येच अडवलं जात असल्याचं उघड झालं. अडवणाऱ्याकडे लेट्स एन्क्रिप्टचं रीतसर सर्टिफिकेट होतं, त्यामुळे कोणाच्याही क्लायंटने तक्रार केली नव्हती. त्या सर्टिफिकेटची मुदत संपली तेव्हाच ते लक्षात आलं. म्हणून मी माझ्या डोमेनच्या सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी नोंदींवर (दिलेल्या सर्टिफिकेटांच्या जाहीर यादीवर) अलर्ट लावलाय आणि सीएए रेकॉर्डमध्ये (डोमेनचं सर्टिफिकेट कोणी द्यायचं हे सांगणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदीत) माझं लेट्स एन्क्रिप्ट खातं बांधून ठेवलंय. तुम्ही न मागितलेलं एखादं सर्टिफिकेट त्या नोंदींत दिसलं, तर त्याच दिवशी सर्व्हर बंद करून शोध घ्या.